वनस्पतीचा अर्क आणि आतड्याचा कॅन्सर : प्लेटमधल्या मेलेल्या पेशींवर विश्वास ठेवण्याआधी

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये वाढवल्या आणि त्यांच्यावर एखाद्या वनस्पतीचा अर्क टाकला, तर पुरेशा मोठ्या मात्रेला जवळजवळ कोणताही अर्क त्यांना मारतो. चहाचा मारतो, लवंगेचा मारतो, डाळिंबाच्या सालीचा तर हमखास मारतो. त्यामुळे पेशी मेल्या एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. त्या कशाने मेल्या, किती मात्रेला मेल्या, निरोगी पेशी वाचल्या का, आणि ती मात्रा माणसाच्या आतड्यापर्यंत पोचू शकते का, या प्रश्नांची उत्तरं मिळवण्यात खरा वेळ जातो आणि जायलाच हवा.

हा लेख एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष सुरू करणाऱ्यांसाठी आहे. मग तुम्ही वनस्पतिशास्त्रातून आलेले असा, फार्मसीतून, बायोटेकमधून किंवा आयुर्वेदातून. उदाहरण म्हणून सोलापूर-सांगोल्याकडच्या डाळिंबाची साल घेऊ. ती मुबलक मिळते, रस काढल्यावर फेकलीच जाते, जंगलातून काही तोडावं लागत नाही. शिवाय ती टॅनिनने, म्हणजे तुरट चव देणाऱ्या रसायनांनी, भरलेली असते, त्यामुळे या चाचण्यांमध्ये माणूस जिथे जिथे फसतो त्या जवळजवळ सगळ्या जागा तिच्या वाटेत येतात. शिकण्यासाठी याहून चांगली वनस्पती मला सुचत नाही.

आधी नरक्याची गोष्ट

झाडातून औषध निघतं का, ही शंका मनात असेल तर ती इथेच सोडा. आतड्याच्या कॅन्सरवर आज जगभर दिलं जाणारं इरिनोटेकन हे औषध झाडातल्या कॅम्प्टोथेसिन नावाच्या रसायनापासून बनवलं गेलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६६ साली ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हेच रसायन सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात असल्याचं दाखवलं. गोविंदाचारी त्या वेळी मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते.

नवशिक्याने यातून उचलण्याजोगी गोष्ट पुढची आहे. कॅम्प्टोथेसिन पेशी मारण्यात जबरदस्त होतं, पण पाण्यात विरघळत नव्हतं. म्हणून त्याचा विरघळणारा क्षार करून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांना दिला गेला. तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर त्रास इतके झाले, की चाचण्या थांबवाव्या लागल्या. ते पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या एंझाइमला अडवतं, हे १९८५ मध्ये कळलं. मग रेणूत बदल करून पाण्यात विरघळणारी रूपं तयार झाली आणि १९९६ मध्ये इरिनोटेकनला अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. शोध आणि औषध यांच्यात तीस वर्षं गेली, आणि त्यातली बहुतेक विद्राव्यता, विषारीपणा आणि मात्रा यांच्याशी झगडण्यात गेली. तुमच्या प्रकल्पात हेच तीन विषय पहिल्या दिवसापासून असू द्या.

आणि एक. मागणी वाढली तशी घाटमाथ्यावर नरक्याची चोरटी तोड सुरू झाली आणि ती आजही पूर्ण थांबलेली नाही. ज्या वनस्पतीचं नाव तुम्ही शोधनिबंधात छापाल, तिच्या मुळावर उद्या कुऱ्हाड येऊ शकते. म्हणून पहिल्या प्रकल्पाला दुर्मीळ वनस्पती घेऊच नका. शेतात, परसात, बाजारात भरपूर मिळणारी घ्या, आणि मुळाऐवजी पान, फळ, साल यांतून काम भागतंय का ते आधी बघा.

पायरी १ : ही वनस्पती तीच आहे, हे लेखी घ्या

बाजारातून पुडी आणली, वर नाव लिहिलेलं होतं, एवढ्यावर काम सुरू करू नका. ब्राह्मी म्हणून कुणी बाकोपा देतं, कुणी सेंटेला. शंखपुष्पी या नावाखाली तर तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमधली यकृताची इजा नोंदवली, तेव्हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप हाच होता, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेलंच नाही. हा वाद कुणाला आवडो न आवडो, मुद्दा तुमच्या कामाला थेट लागू आहे.

फुलं-फळं असलेली फांदी दाबून, वाळवून हर्बेरियम शीटवर लावा आणि ती अधिकृत ठिकाणी ओळखून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. मिळालेला व्हाउचर क्रमांक, म्हणजे त्या शीटचा नोंदणी क्रमांक, तुमच्या प्रबंधात आणि प्रत्येक निबंधात जाईल. डाळिंबासारख्या ओळखीच्या फळालाही ही सूट नाही. जातीचं नाव, भगवा की गणेश की आरक्ता, गाव, तोडणीचा महिना, साल वाळवायला लागलेले दिवस, हे सगळं वहीत लिहा. टॅनिनचं प्रमाण जात आणि पक्वता यांप्रमाणे बदलतं. पुढच्या वर्षी नव्या सालीने निकाल जुळला नाही, तर कारण शोधायला हीच नोंद उपयोगी पडेल.

वनक्षेत्रातून काही गोळा करायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी घ्या. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, २०२३ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. महाराष्ट्राचं जैवविविधता मंडळ नागपुरात आहे आणि राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईत. पेटंटचा विचार असेल किंवा नमुना परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा असेल, तर आधी गाईडशी आणि संस्थेच्या कार्यालयाशी बोला. नमुना पोस्टात टाकल्यावर नियम वाचण्यात अर्थ नसतो.

पायरी २ : अर्क

साल धुऊन सावलीत किंवा ४० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा, दळा, चाळा. विद्रावक निवडताना 'लोक मिथेनॉल वापरतात म्हणून मिथेनॉल' असं करू नका. लोकपरंपरेत त्या वनस्पतीचा काढा दिला जात असेल, तर पाण्याचा अर्क करायलाच हवा, कारण माणसं तेच पीत आली आहेत. त्याच्या जोडीला ७० टक्के इथेनॉलचा अर्क करा. शोधाचा आवाका वाढवायचा असेल तर हेक्झेन, इथिल ॲसिटेट, मिथेनॉल आणि पाणी असा कमी ध्रुवीयतेकडून जास्तीकडे जाणारा क्रम लावा. सॉक्सलेट हे उपकरण सोयीचं असतं, पण त्यात अर्क तासन् तास उकळत राहतो. उष्णतेने बिघडणारी रसायनं असतील तर साधं भिजवून हलवत ठेवणं बरं.

रोटरी इव्हॅपोरेटरवर पाण्याचं तापमान ४० ते ४५ अंशांच्या वर नेऊ नका. पाण्याचा अर्क लायोफिलाइज करा, म्हणजे गोठवून निर्वातात वाळवा. किती ग्रॅम भुकटीतून किती ग्रॅम अर्क निघाला हे टक्क्यांत लिहा, कारण शेवटी मात्रेच्या हिशेबाला हा आकडा लागतो. अर्काच्या छोट्या छोट्या कुप्या करून उणे २० अंशांवर ठेवा. एकच बाटली रोज वितळवून पुन्हा गोठवणं टाळा.

प्रत्येक खेपेचा एचपीएलसी आलेख, म्हणजे अर्कातली रसायनं वेगळी करून दाखवणारा आलेख, काढून ठेवा. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन आणि एलॅजिक ॲसिड ही ओळखीची चिन्हं. याच्या जोरावरच तुम्ही म्हणू शकता, की जानेवारीतला अर्क आणि जूनमधला अर्क एकच आहे. ज्या निबंधात अर्काचा रासायनिक आलेखच नाही, त्यातला आकडा मी वाचत नाही.

स्टॉक, म्हणजे साठ्याचं दाट द्रावण, साधारणपणे डीएमएसओ या विद्रावकात करतात. हिशेब सोपा ठेवा. १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचा स्टॉक हजारपट पातळ केला, की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतात आणि डीएमएसओ ०.१ टक्क्यावर राहतो. खालच्या मात्रा डीएमएसओमध्येच पातळ करून घ्या, म्हणजे प्रत्येक वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) डीएमएसओ सारखाच जाईल. गाळताना ०.२२ मायक्रॉनचा नायलॉन किंवा पीटीएफई फिल्टर वापरा. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर डीएमएसओत टिकत नाही.

पायरी ३ : पेशी

महाराष्ट्रात काम करणाऱ्यांचं भाग्य असं, की पुण्यात गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे आणि तिथल्या संग्रहातून सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवत ठेवलेल्या एका प्रकारच्या पेशी, रीतसर मिळते. शेजारच्या लॅबमधून मित्राने दिलेली, लेबल पुसट झालेली क्रायोव्हायल घेऊ नका. चुकीच्या नावाच्या किंवा दुसऱ्या पेशींनी भेसळ झालेल्या सेल लाइन ही जगभरची जुनी दुखणी आहेत.

एका सेल लाइनवर थांबू नका. एचसीटी-११६ मध्ये कॅन्सरला आवर घालणारं पी-५३ हे जनुक शाबूत आहे आणि केरास जनुकात बिघाड आहे. एचटी-२९ मध्ये उलट पी-५३ बिघडलेलं आणि ब्राफ या जनुकात बदल. एसडब्ल्यू-४८० आणि एसडब्ल्यू-६२० या एकाच रुग्णाच्या, पहिली मूळ गाठीतून आणि दुसरी पुढे लसिकाग्रंथीत पसरलेल्या कॅन्सरमधून. एचसीटी-११६ आणि एचटी-२९ ही जोडी सुरुवातीला पुरते: अर्क एकीवर चालला आणि दुसरीवर नाही, तर पी-५३ चा संबंध तपासायला एक धागा मिळतो.

निरोगी पेशी कोणत्या घ्यायच्या, यावर बरेच प्रकल्प डळमळतात. माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशी किंवा एचईके-२९३ घेऊन 'निरोगी पेशी सुरक्षित राहिल्या' असं लिहिणं मला पटत नाही. मूत्रपिंडाची पेशी आतड्याबद्दल काय सांगणार? सामान्य मोठ्या आतड्यातून काढलेली सीसीडी-८४१-कॉन मिळवता आली तर ती घ्या. ती सावकाश वाढते, हे ध्यानात ठेवा. भरभर वाढणाऱ्या पेशी औषधाने जास्त मरतात, त्यामुळे दिसणारा फरक नुसत्या वेगाचाही असू शकतो.

मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रावण, एचसीटी-११६ आणि एचटी-२९ या दोघींसाठी मॅकॉय ५-ए, त्यात १० टक्के एफबीएस (वासराच्या भ्रूणाचं सीरम), ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात घातल्या तो आकडा) रोज लिहा आणि फार पुढे गेलेल्या पेशी टाकून नवी कुपी उघडा. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तपासणी महिन्यातून एकदा करा. तो डोळ्यांना दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, पण पेशींचा चयापचय बदलून तुमचा सगळा डेटा निरुपयोगी करतो. प्रकल्पाच्या सुरुवातीला एकदा एसटीआर प्रोफाइल, म्हणजे डीएनएवरून सेल लाइनची ओळख, करून घ्या.

लॅबमध्ये टिश्यू कल्चरची सोयच नसेल तर निराश होऊ नका. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात कॅन्सरविरोधी चाचणीची सुविधा आहे. तिथे एसआरबी पद्धतीने (ती पायरी ५ मध्ये येईल) वेगवेगळ्या सेल लाइनवर नमुने तपासले जातात. लहान कॉलेजांतल्या कितीतरी मुलांची कामं याच वाटेने पुढे गेली आहेत.

पायरी ४ : पहिली प्लेट

९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ३००० ते ५००० पेशी टाका. नेमका आकडा आधी ठरवून घ्या: प्रयोग संपेपर्यंत कंट्रोल वेल गच्च भरता कामा नये, नाहीतर तिथली वाढ आपोआपच थांबते आणि अर्काचा परिणाम कमी दिसतो. कडेच्या वेलमधलं पाणी उडून जातं, म्हणून बाहेरची ओळ नुसत्या पीबीएसने (खारट बफर द्रावणाने) भरा आणि आतल्या ६० वेल वापरा. पेशी चिकटायला २४ तास द्या, मग अर्क टाका, आणि ४८ किंवा ७२ तास थांबा.

मात्रा १०० मायक्रोग्रॅमपासून खाली तिपटीने उतरवत न्या: १००, ३३, ११, ३.७, १.२, ०.४. प्लेटवर याशिवाय हवेत: नुसता मीडिया, नुसत्या पेशी, डीएमएसओ दिलेल्या पेशी, ओळखीचं औषध दिलेल्या पेशी, आणि पेशींशिवाय नुसता अर्क. शेवटचा कंट्रोल सगळ्यात जास्त विसरला जातो आणि डाळिंबाच्या बाबतीत तोच सगळ्यात जास्त सांगतो.

ओळखीचं औषध म्हणून ५-फ्लोरोयुरासिल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन ठेवा. इरिनोटेकन ठेवायचा मोह होईल, पण ते प्रोड्रग आहे. शरीरातली एंझाइम त्याचं एसएन-३८ मध्ये रूपांतर करतात तेव्हा ते जोरात काम करतं. प्लेटमध्ये ते दुबळं दिसतं आणि तुमचा अर्क उगाच त्याच्या बरोबरीचा वाटतो. घ्यायचंच असेल तर थेट एसएन-३८ घ्या.

अर्क टाकल्यावर लगेच आणि २४ तासांनी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मीडियात अर्क साखळून कण बनले असतील, तर त्या मात्रेचं रीडिंग धरू नका.

पायरी ५ : रीडिंग खोटं कसं निघतं

या पायरीवर घाई करू नका. बहुतेक चुका इथेच होतात, आणि सालीचं उदाहरण इथे फार उपयोगी पडतं.

सगळ्यात प्रचलित चाचणी एमटीटी. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळ्या फॉर्मेझानमध्ये रूपांतर करतात, ते डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा. पण टॅनिनसारखी पॉलिफेनॉल स्वतःच रिड्यूसिंग असतात, म्हणजे पेशींशिवायही हेच रूपांतर करतात. एकही पेशी नसलेल्या वेलमध्ये डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि एमटीटी एकत्र ठेवून बघा, वेल जांभळी होईल. म्हणजे पेशी मेलेल्या असूनही जिवंत दिसतील. उलट बाजूने, अर्काने मायटोकाँड्रियाचं काम मंदावलं तर पेशी जिवंत असूनही मेलेल्या दिसतील. उपाय असा: एमटीटी घालण्याआधी अर्काचा मीडिया हलक्या हाताने काढा, पीबीएसने धुवा, मग ताजा मीडिया आणि एमटीटी घाला. पेशींशिवायचा कंट्रोल तरीही ठेवाच.

माझी पसंती एसआरबीला आहे. यात पेशी टीसीए या थंड आम्लाने जागच्या जागी पक्क्या करतात, मग ०.४ टक्के सल्फोर्होडामिन-बी अर्धा तास, १ टक्के ॲसेटिक ॲसिडने धुणं, आणि ट्रिसमध्ये रंग विरघळवून रीडिंग. रंग प्रथिनांना लागतो, त्यामुळे अर्काच्या रिड्यूसिंग गुणाचा अडथळा येत नाही. शिवाय अर्क टाकण्याच्या क्षणीची एक वेगळी प्लेट पक्की करून ठेवली, तर वाढ नुसती थांबली की पेशी खरंच कमी झाल्या हेही वेगळं काढता येतं. टॅनिन मात्र प्रथिनांना चिकटून त्यांचा साका बनवतात, तेव्हा इथेही धुण्यात हयगय नको.

दुसरी फसगत याहून गंभीर आहे. गॅलिक ॲसिड, चहातलं ईजीसीजी, असे फेनॉल मीडियात पडले की ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन तिथेच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी त्या पेरॉक्साइडने मरतात. शरीरात असं होईलच असं नाही, कारण तिथे ऑक्सिजनही कमी असतो आणि पेरॉक्साइड फोडणारी एंझाइमही भरपूर. म्हणून एक समांतर प्लेट करा, तिच्यात अर्काबरोबर कॅटलेज एंझाइम घाला. कॅटलेज घातल्यावर पेशी मरायच्या थांबल्या, तर तुम्ही वनस्पतीचा गुण मोजत नव्हता, मीडियाची रसायनक्रिया मोजत होता. सालीच्या अर्काचं एकही रीडिंग गाईडला दाखवण्याआधी ही प्लेट करा. ज्याच्याकडे या प्लेटचा निकाल नाही त्याला पुढच्या पायऱ्यांवर पैसे खर्च करू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी, अर्काचा स्वतःचा रंग. हळदीतलं कर्क्युमिन साधारण ४२५ नॅनोमीटरला प्रकाश शोषतं आणि चमकतंही, त्यामुळे फ्लुरोसन्सच्या चाचण्यांत ते दिवा लावून बसल्यासारखं सगळीकडे दिसतं. आणि चौथी, आम्लता. दाट अर्काने मीडियाचा गुलाबी रंग पिवळट झाला, तर आधी पीएच मोजा.

पायरी ६ : आकडा वाचणं

एका प्लेटवरच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर किमान तीन वेळा केलेलं काम म्हणजे तीन प्रयोग. त्यावर वक्र बसवून आयसी-५०, म्हणजे परिणाम निम्म्यावर पोचवणारी मात्रा, काढा आणि त्याच्या अनिश्चिततेसकट लिहा. सर्वांत वरच्या मात्रेलाही अर्ध्या पेशी मेल्या नसतील तर 'शंभराहून जास्त' असं लिहा. वक्र पुढे ताणून १४७ वगैरे आकडा काढू नका.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या धाटणीच्या छाननीत कच्च्या अर्कासाठी साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही वरची मर्यादा धरली जाते. त्यापलीकडचा अर्क 'प्रभावी' म्हणू नका, मग तुमचं त्याच्यावर कितीही प्रेम असो. यामागचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. समजा आयसी-५० निघाला २०० मायक्रोग्रॅम. माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. एवढ्या रक्तात ती मात्रा गाठायला एक ग्रॅम अर्क पूर्णच्या पूर्ण रक्तात उतरून तिथे टिकून राहायला हवा. असं होत नाही. कर्क्युमिन रोज ८ ग्रॅम दिलेल्या रुग्णांच्या रक्तात त्याची पातळी २ मायक्रोमोलरच्याही खाली होती, आणि प्लेटमध्ये पेशी मारायला सहसा १० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त लागतं.

पण आतडं हा अवयव इथे वेगळा ठरतो, आणि म्हणूनच हा विषय मला इतका जवळचा वाटतो. जे रक्तात शोषलं जात नाही ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं. त्याच कर्क्युमिनच्या रोज ३.६ ग्रॅमच्या मात्रेनंतर रुग्णांच्या आतड्याच्या ऊतीत ते मोजण्याइतकं सापडलं होतं. तेव्हा आतड्याच्या आतल्या पडद्यावरच्या सुरुवातीच्या गाठीसाठी एक हिशेब लागू होतो आणि यकृतात पसरलेल्या कॅन्सरसाठी दुसरा. तुम्ही कुठल्याबद्दल बोलताय हे प्रबंधात लिहा.

त्यातही आतड्यातले जिवाणू मध्ये येतात. डाळिंबातलं प्युनिकॅलॅजिन मोठ्या आतड्यात तसंच राहत नाही. त्यातून एलॅजिक ॲसिड सुटतं आणि जिवाणू त्याची युरोलिथिन बनवतात. ती सगळ्यांच्या पोटात सारखी बनत नाहीत. मग प्लेटमध्ये ताज्या अर्काची चाचणी करून काय कळलं? अर्धंच उत्तर. शक्य असेल तर युरोलिथिन-ए विकत घेऊन तेही शेजारच्या वेलमध्ये तपासा. एवढ्या एका गोष्टीने साध्या प्रकल्पाची पत वाढते.

निरोगी पेशींचा आयसी-५० भागिले कॅन्सर पेशींचा आयसी-५० म्हणजे सिलेक्टिव्हिटी इंडेक्स. तो एकच्या आसपास असेल तर अर्क सरसकट विष आहे. दोन-तीनच्या वर गेला तर पुढे जायला हरकत नाही.

पायरी ७ : पेशी कशा मेल्या

इथवर टिकलेल्या अर्कावरच पुढच्या चाचण्या करा. ॲनेक्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइडने फ्लो सायटोमेट्री, पेशीचक्र कुठे अडलं ते, पेशीच्या नियोजित मृत्यूची खूण असलेलं कॅस्पेज-३ आणि पार्प या प्रथिनांचं तुटणं वेस्टर्न ब्लॉटवर. या सगळ्या पद्धती किटच्या पत्रकात नीट दिलेल्या असतात. कॉलनीची चाचणी मात्र आवर्जून करा: सहा वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलला ५०० पेशी, अर्क, मग दहा ते चौदा दिवस थांबून क्रिस्टल व्हायोलेट. खर्च जवळजवळ नाही, आणि अर्क धुऊन टाकल्यावरही पेशी पुन्हा उभ्या राहतात का हे ती दाखवते. स्क्रॅच चाचणी (पेशींच्या थरावर ओरखडा काढून तो भरतो का ते बघणं) पेशी न मारणाऱ्या मात्रेलाच करा. मेलेल्या पेशी ओरखडा भरायला सरकत नाहीत, त्याला 'प्रसार रोखला' म्हणता येत नाही.

पायरी ८ : अर्कातला नेमका कोण

वॉल आणि वाणी यांनी अर्काचे भाग पाडले, प्रत्येक भाग उंदरांच्या ल्युकेमियावर तपासला, जो चालला त्याचेच पुन्हा भाग पाडले, आणि असं करत एका रेणूपर्यंत पोचले. आजही वाट तीच आहे, फक्त सुरुवातीलाच एलसी-एमएस (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी चाचणी) करून ओळखीचे रेणू बाजूला काढता येतात. क्वेर्सेटिन किंवा गॅलिक ॲसिड तिसऱ्यांदा शोधण्यात वर्ष घालवू नका. भाग पाडत गेल्यावर परिणाम नाहीसा झाला तर तेही नोंदवा. कधी दोन रेणू मिळून काम करतात, तर कधी मूळचा परिणामच खोटा असतो.

पायरी ९ : प्लेटच्या पुढे

सपाट प्लेटवरून थेट उंदरांवर उडी मारण्याआधी स्फेरॉइड, म्हणजे पेशींचे गोळे, करा. गोळ्याच्या आत अर्क शिरतो का, हे तिथे दिसतं. रुग्णांच्या ऊतीपासून वाढवलेले ऑर्गेनॉइड (अवयवाच्या छोट्या प्रतिकृती) त्याहून चांगले, पण त्यासाठी रुग्णालय, नैतिकता समिती आणि रुग्णाची लेखी संमती लागते.

प्राण्यांवरचं काम संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय सुरू करता येत नाही. आतड्यासाठी उंदरांमध्ये ॲझॉक्सिमिथेनचं एक इंजेक्शन आणि त्यानंतर पिण्याच्या पाण्यातून आतड्याला सूज आणणाऱ्या डीएसएस या रसायनाच्या फेऱ्या, ही पद्धत रूढ आहे. ॲझॉक्सिमिथेन स्वतः कॅन्सर घडवणारं आहे. ते हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय बाटली उघडू नका. मात्रा ठरवताना माणसाचा हिशेब करा. उंदराची किलोमागची मात्रा १२.३ ने भागली की माणसाची किलोमागची येते. उंदराला किलोमागे ५०० मिलिग्रॅम म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास अडीच ग्रॅम अर्क. अर्काचा उतारा २० टक्के असेल तर १२ ग्रॅम वाळलेली साल. एवढी टॅनिनयुक्त साल आजारी माणूस रोज खाऊ शकेल का, हा प्रश्न उंदरांची मागणी नोंदवण्याआधी विचारा.

पायरी १० : फोन येईल तेव्हा

तुमच्या कामाची बातमी कुठेतरी छापून येईल किंवा घरात सांगितली जाईल, आणि मग फोन येईल. कुणाच्या मावशीला, कुणाच्या वडिलांना आतड्याचा कॅन्सर झालेला असेल आणि ते विचारतील, किती चमचे द्यायचे? जगात २०२२ साली या आजाराचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण होते, तेव्हा हा फोन येणारच असं धरून चाला. उत्तर आधीच ठरवून ठेवा: आमचं काम प्लेटमधल्या पेशींवर आहे, माणसाला द्यायचं अजून काही नाही.

आणि 'झाडपाल्याने काही अपाय नाही' असं कुणी म्हणालं तर त्यांना सेंट जॉन्स वर्टची माहिती द्या. युरोपात मनाच्या उदासीवर घेतली जाणारी ही वनस्पती इरिनोटेकनबरोबर दिली, तेव्हा रुग्णांच्या रक्तातलं एसएन-३८ चं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं. यकृतातली एंझाइम वाढवून तिने औषधच शरीरातून लवकर घालवलं. रुग्ण केमोथेरपी घेत होता, पण त्याला पुरती मिळत नव्हती. म्हणून फोन ठेवण्याआधी त्यांना विचारा, की घरात आधीपासून कोणता काढा, चूर्ण, गोळी चालू आहे. आणि ती यादी कागदावर लिहून पुढच्या भेटीत कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा. फोनवरून तुम्हाला करता येण्यासारखी मदत हीच आहे.